आजारपण म्हणजे खाडा नव्हे

प्रिस्क्रिप्शनवर गोळ्यांच्या खाली मी बऱ्याचदा ‘पाच दिवस विश्रांती’ असं लिहितो. गोळ्या पेशंट मेडिकलमधून घेतो. विश्रांती मात्र दुकानात मिळत नाही, ती त्याच्या मालकाच्या हातात असते. म्हणून अनेक पेशंट हात जोडून सांगतात, “डॉक्टर, रजा लिहू नका, त्यापेक्षा स्ट्राँग गोळ्या द्या. खाडा पडला की पैसे कापतात.”

या ब्लॉगवर आपण नेहमी बीपी, शुगर, थायरॉइड, ताप यांबद्दल बोलतो. आज थोडं कायद्याबद्दल बोलणार आहे. मी वकील नाही. पण माझ्या पेशंटचा आजार बरा होणार की चिघळणार हे जर त्याच्या पगारपत्रकावर ठरत असेल, तर तो विषय डॉक्टरचाही आहे. माझं म्हणणं सरळ आहे: आजारपणात पगार बुडू नये ही कोणाची मेहेरबानी नाही, तो उपचाराचा भाग आहे. लाखो कामगारांसाठी कायद्याने त्याची सोय केलेलीही आहे. ती त्यांच्यापर्यंत पोचू दिली जात नाही, आणि बाकीच्यांसाठी तर सोयच केलेली नाही.

विश्रांती हा लाड नाही

डेंग्यूचं उदाहरण घ्या. तीन-चार दिवस कडक ताप येतो आणि मग उतरतो. पेशंटला वाटतं, बरा झालो, उद्या कामावर जाऊ. डॉक्टरला मात्र नेमकी याच वेळी काळजी वाटते. आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असताना, काही जणांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो, बीपी घसरतं, रक्तस्राव होऊ शकतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती ही लक्षणं या काळात दिसली तर ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं. आता विचार करा, हा माणूस त्या वेळी उन्हात स्लॅबवर उभा असेल किंवा बाइकवरून पार्सल पोचवत असेल, तर ही लक्षणं त्याने ओळखायची कधी?

काविळीचं बघा. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून होणाऱ्या काविळीत डोळे पिवळे व्हायच्या आधीपासून आणि नंतरही काही दिवस विषाणू शौचावाटे बाहेर पडत असतो. असा माणूस मेसमध्ये पोळ्या लाटत असेल तर त्याचा एक बुडालेला पगार वाचतो आणि जेवणाऱ्या पन्नास जणांना धोका होतो. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी राहावं लागतं. टीबीमध्ये औषधं नीट सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो, पण ते सुरुवातीचे आठवडे फार महत्त्वाचे असतात. नेमके तेच आठवडे रोजंदारीवरचा माणूस खोकला दाबत शिफ्ट करतो.

प्रत्येक दुखण्याला झोपून राहावं लागतं, असं मात्र मी म्हणत नाही. साध्या कंबरदुखीत तर अंथरुणाला खिळून राहू नका, हिंडते-फिरते राहा, असंच आम्ही सांगतो. कोणत्या आजारात किती विश्रांती लागते हे वैद्यकशास्त्र ठरवतं. सुपरवायझरने ते हजेरीपटावरून ठरवायचं नसतं.

कायदा काय देतो, काय देत नाही

आता एक गोष्ट सांगतो, जी ऐकून बरेच सुशिक्षित लोकही चकित होतात. महाराष्ट्रात दुकानं आणि ऑफिसांना लागू होणाऱ्या 2017 च्या कायद्यात ‘आजारपणाची रजा’ असा वेगळा प्रकारच नाही. वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा आहे आणि भरलेल्या दिवसांच्या हिशेबाने मिळणारी हक्काची रजा आहे. मुलाची अॅडमिशन, गावचं लग्न, कोणाचं मयत आणि तुमचा टायफॉइड, सगळं त्या आठ दिवसांत बसवायचं. टायफॉइडला औषध सुरू झाल्यावर ताप उतरायलाच कित्येकदा चार-पाच दिवस लागतात. शेजारच्या कर्नाटकात दुकानं आणि आस्थापनांच्या 1961 च्या कायद्यात आजारपण, अपघात किंवा तशाच सबळ कारणासाठी वर्षाला बारा दिवसांपर्यंत वेगळी पगारी रजा आहे. कोल्हापूरच्या माणसाचा ताप बेळगावच्या माणसाच्या तापापेक्षा लवकर उतरतो, असं मला तरी कोणत्या पुस्तकात वाचायला मिळालेलं नाही.

कारखान्यांतल्या आणि कमी पगाराच्या कामगारांसाठी मात्र एक भक्कम व्यवस्था आहे. ती म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, आपल्या बोलण्यातली ईएसआय. 1948 चा कायदा, आणि योजना 1952 पासून सुरू. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांत महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी ही योजना आहे. अपंग कामगारांसाठी ही मर्यादा 25,000 आहे.

ईएसआय म्हटलं की लोकांना फक्त दवाखान्याची रांग आठवते. स्वतःवर आणि कुटुंबावर उपचार हा तिचा एक भाग झाला. दुसरा भाग रोख पैशांचा आहे, आणि तोच कोणाला माहीत नसतो.

135 रुपयांत काय मिळतं?

समजा, तुमचा पगार 18,000 रुपये आहे. त्यातून ईएसआयसाठी 0.75 टक्के, म्हणजे 135 रुपये कापले जातात. मालक त्याच्या खिशातून 3.25 टक्के, म्हणजे 585 रुपये भरतो. या मोबदल्यात:

• साधं आजारपण: सरासरी रोजच्या पगाराच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. 18,000 पगाराला हे दिवसाला साधारण 420 रुपये होतात. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आजारपणाचे पहिले दोन दिवस धरत नाहीत, पण पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर ही अट नसते.

• दीर्घ आजार: टीबी, कॅन्सर, कुष्ठरोग यांसारख्या ठरावीक 34 आजारांत 80 टक्के, आणि तेही दोन वर्षांपर्यंत. वरच्या उदाहरणात महिन्याला साधारण 14,400 रुपये. यासाठी सलग दोन वर्षांची विमाधारक नोकरी आणि त्या काळात किमान 156 दिवसांची वर्गणी लागते.

• कामावरची दुखापत: बरे होईपर्यंत 90 टक्के. इथे वर्गणीच्या दिवसांची अट नाही, कामाच्या पहिल्या दिवशी बोट मशिनमध्ये गेलं तरी हक्क आहे. घरातून कामावर येता-जाताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध असेल तर, यात धरला जातो.

• बाळंतपण: पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे, पूर्ण पगार.

पुन्हा वाचा. टीबी झालेल्या कामगाराला सहा महिन्यांच्या उपचारात घरी 14,400 रुपये महिना येऊ शकतात. माझ्याकडे येणाऱ्या टीबीच्या पेशंटपैकी किती जणांना हे आधीपासून ठाऊक असतं? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना. सरकार टीबीच्या पेशंटला पोषणासाठी महिना 1,000 रुपये देतं हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. त्याच्या चौदा पट रकमेवर आपला हक्क असू शकतो, हे त्यांना कारखान्यात कोणी सांगितलेलं नसतं.

मग अडतं कुठे?

अडतं ते बहुतेक वेळा कामगार आणि ईएसआय यांच्या मध्ये असलेल्या माणसापाशी. ठेकेदार म्हणा, एजन्सी म्हणा, ‘ऑफिसवाले’ म्हणा. पेशंटकडून ऐकलेले प्रकार लिहितो. एमआयडीसीत काम केलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटतील.

पहिला: पगारातून 135 रुपये कापायचे आणि भरायचेच नाहीत. ही नुसती हिशेबातली गडबड नाही. कामगाराच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापून ती न भरणं हा फौजदारी स्वरूपाचा विश्वासघात आहे. जुन्या दंड विधानात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे.

दुसरा: मालकाचा 3.25 टक्क्यांचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून वळता करायचा. याला कायद्याने साफ मनाई आहे, तुमच्याकडून तसं सहीनिशी लिहून घेतलं असलं तरी.

तिसरा: ठेकेदार बदलला की नवा विमा क्रमांक काढायचा. विमा क्रमांक दहा आकडी असतो आणि नोकरी बदलली तरी तोच चालवायचा असतो. नवा काढला की मागची नोंद तुटते. सात वर्षं एकाच शेडमध्ये काम केलेला माणूस कागदावर ‘चार महिन्यांपूर्वी लागलेला’ ठरतो, आणि टीबी झाल्यावर दोन वर्षांच्या अटीत बसत नाही.

चौथा प्रकार आम्हा डॉक्टरांपर्यंत पोचतो. हात चेंगरलेल्या कामगाराला ठेकेदाराचा माणूस खासगी दवाखान्यात घेऊन येतो आणि हळूच म्हणतो, “डॉक्टर, घरी पाय घसरून पडला असं लिहा, बिल आम्ही भरतो.” बिल आज भरलं जाईल. पण बोट कायमचं वाकडं राहिलं, तर अपंगत्वासाठी आयुष्यभर मिळू शकणारा लाभ त्या एका वाक्याने जातो. दुखापत कशी झाली हे पेशंट सांगेल तेच कागदावर यायला हवं. कामगाराला माझं सांगणं आहे: अशा वेळी डॉक्टरांशी एकट्याने बोलायचंय असं सांगा.

“रजा दिली की सगळे आजारी पडतात”

हा मालकांचा आवडता युक्तिवाद. त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. ‘मागच्या सोमवारपासूनचं सर्टिफिकेट द्या’ असं म्हणणारे लोक माझ्याकडेही येतात आणि रिकाम्या हाताने परत जातात. न तपासलेल्या दिवसाचं सर्टिफिकेट डॉक्टरने देऊ नये आणि तुम्ही मागू नये.

पण दुसरी बाजू बघा. एका दिवसाच्या जुलाबासाठीही डॉक्टरचं सर्टिफिकेट मागणारी ऑफिसं आहेत. ज्या पेशंटला मीठ-साखरेचं पाणी आणि घरची पेज पुरली असती, तो तीनशे रुपये खर्चून, दीड तास बाकावर बसून, आणखी चार जणांना जंतू वाटून फक्त कागद न्यायला येतो. मुलीच्या परीक्षेसाठी सुट्टी मागितली तर मिळत नाही, म्हणून माणूस ‘ताप’ सांगतो. सरळ मागून मिळत नसेल तिथे लोक वाकडी वाट धरतात. दोष त्या वाटेचाही आहे, पण आधी दार कोणी बंद केलं ते विचारा.

शिवाय साधा हिशेब आहे. ईएसआयमध्ये आजारपणात पूर्ण पगार मिळतच नाही. 70 टक्के मिळतो, त्यातही पहिले दोन दिवस जातात, आणि ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. बाकावर ताटकळत बसून 30 टक्के पगार बुडवायची हौस कोणाला असते?

जे 21,000 च्या वर आहेत त्यांचं काय?

इथे चित्र आणखी विचित्र आहे. पगार 22,000 झाला की ईएसआयचं छत्र जातं. (वर्गणीकाळाच्या मध्येच पगार वाढला तर तो सहा महिन्यांचा काळ संपेपर्यंत टिकतं, हे लक्षात ठेवा.) त्याऐवजी कंपनी मेडिक्लेम देते आणि सगळे खूश होतात. पण मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो, बुडालेला पगार भरत नाही. आणि बहुतेक आजारपण हॉस्पिटलमध्ये नाही, घरीच काढायचं असतं. कावीळ झालेल्या सेल्समनला अॅडमिट व्हायची गरज नसते, त्याला तीन-चार आठवडे सांभाळून राहावं लागतं. तेवढे दिवस घर कशावर चालवायचं, याचं उत्तर त्याच्या पॉलिसीत नसतं.

घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या मुलांची गत याहून वाईट. नव्या संहितेत ‘गिग कामगार’ हा शब्द आला, त्यांच्यासाठी कंपन्यांनी वर्गणी द्यावी अशी तरतूदही आली. चांगलं आहे. पण शब्द कायद्यात आल्याने ताप आलेल्या मुलाच्या घरी पैसे येत नाहीत. तो अॅप बंद ठेवेल तेवढे दिवस कमाई शून्य.

मालक म्हणजे फक्त कारखानदार नव्हे

लहान मालकांची अडचण मला कळते. चार कारागिरांचं सलून किंवा सहा माणसांचं गॅरेज चालवणाऱ्याला एका माणसाचा पगार बसून देणं जड जातं. म्हणूनच तर विम्याची कल्पना निघाली: महिन्याला थोडे पैसे सगळ्यांनी टाकायचे आणि आजारी माणसाचा पगार त्या निधीतून जायचा. दहापेक्षा कमी माणसं असली तरी आता मालक आणि कामगार दोघांच्या संमतीने ईएसआयमध्ये स्वखुशीने येता येतं. 18,000 च्या पगारामागे 585 रुपये वाचवणाऱ्या मालकाने ते कोणाच्या जिवावर वाचवले, हे एकदा मनाशी बोलावं.

आता जरा आपल्या घरात बघू. हा लेख वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे धुणी-भांडी, स्वयंपाक, आजी-आजोबांची देखभाल करायला बाई येतात. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण आजारपणातल्या पगाराचा हक्क त्यातून मिळत नाही. त्यांच्या बाबतीत कायदा म्हणजे आपणच. कॅलेंडरवर आपण त्यांच्या तापाच्या दिवशी फुली मारतो आणि महिनाअखेर ‘चार खाडे झाले’ म्हणतो. आपल्याला ताप आला की ‘सिक लीव्ह’ आणि त्यांना आला की ‘खाडा’! ऐंशी वर्षांच्या सासूबाईंना खोकणाऱ्या बाईंनी आंघोळ घालावी असं कोणालाच वाटत नाही. मग खोकताना घरी राहायचे पैसे त्यांना द्यायला नकोत का? वर्षाला बारा दिवस आजारपणाचे, पगार न कापता. आजच सांगून टाका.

तुम्ही काय करायचं

1. पगाराची चिठ्ठी मागा. त्यात ईएसआयची कपात दिसते का बघा. नेमणूकपत्रही मागा, नव्या संहितांनुसार ते देणं मालकावर बंधनकारक आहे.

2. तुमचा दहा आकडी विमा क्रमांक लिहून ठेवा. ईएसआयच्या वेबसाइटवर त्या क्रमांकाने तुमच्या नावावर किती दिवसांची वर्गणी जमा आहे ते दिसतं. मोबाइल चालवणाऱ्या मुलाला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

3. नोकरी बदलताना जुना क्रमांक द्या, नवा काढू देऊ नका.

4. आजारी पडल्यावर पहिल्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात किंवा पॅनेल डॉक्टरकडे जा. रोख लाभासाठी त्यांचंच सर्टिफिकेट लागतं. माझ्यासारख्या खासगी डॉक्टरचा कागद तिथे आपोआप चालत नाही. अचानक खासगी हॉस्पिटलमध्ये जावं लागलं तर सगळे कागद जपून ठेवा आणि लवकरात लवकर ईएसआयच्या डॉक्टरला दाखवा.

5. कामावर इजा झाली तर त्याच दिवशी अपघाताच्या नोंदवहीत लिहायला लावा आणि कामावरच्या एखाद्या सोबत्याला साक्षीदार ठेवा.

6. तुमचे रिपोर्ट कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, कोणी सांगितलं तरी. कामाला किती दिवस येऊ शकणार नाही, एवढं कळवणं पुरे.

7. वर्गणी कापली पण भरली नाही असं दिसलं तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दोन-चार जण मिळून गेलात तर उत्तम.

ईएसआयच्या दवाखान्यांत गर्दी असते, हेलपाटे पडतात, हे खरं आहे आणि ते सुधारायलाच हवं. पण तेवढ्यासाठी हक्काच्या पैशांवर पाणी सोडू नका.

राज्य सरकारकडे एक मागणी आहे आणि ती प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला विचारण्यासारखी आहे: महाराष्ट्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला, दुकान लहान असो की मोठं, वर्षाला किमान बारा दिवस आजारपणाची वेगळी पगारी रजा कायद्याने द्या. आणि 21,000 ची मर्यादा 1 जानेवारी 2017 पासूनची आहे, ती वाढवायला केंद्राला भाग पाडा. तेव्हापासून डाळ, भाडं आणि डॉक्टरची फी, माझीसुद्धा, तिथेच थांबलेली नाही.

तोपर्यंत, पुढच्या वेळी तुमच्या हाताखालचं कोणी “आज बरं वाटत नाही” म्हणालं, तर हजेरीपटाकडे हात जाण्याआधी एवढंच विचारा: “डॉक्टरकडे गेलास का? पैसे कापणार नाही, बरा होऊन ये.”